सत्तरचा आकडा

बांधकामावर तिला सगळे घार म्हणायचे. जमिनीपासून पंचेचाळीस मीटर उंच, काचेच्या एवढ्याशा केबिनमध्ये बसून ती टॉवर क्रेन चालवायची. खाली कुणी हेल्मेट काखेत मारून फिरायला लागला, की वॉकीटॉकीवर तिचा आवाज यायचा, "निळा शर्ट, टोपी डोक्यावर घालतात, काखेत नाही." सोळा वर्षं ती हे काम करत होती. तिने उतरवलेला माल जमिनीला टेकताना आवाज करत नाही, अशी तिची ख्याती होती. नवे मजूर मुद्दाम कान देऊन उभे राहायचे आणि पैज हरायचे.

मग एका दुपारी वाऱ्याने दगा दिला.

ग्रंथालयाच्या नव्या इमारतीचं काम चालू होतं. सळयांचा दोन टनांचा भारा वर नेताना दोन इमारतींच्या फटीतून झोत आला आणि भारा झोक्यासारखा सुटला. तो मचाणाला थडकला. मचाणावरच्या गवंड्याने जीव वाचवायला खालच्या मजल्यावर उडी मारली आणि त्याचं मनगट मोडलं. घारीने भारा सावरला, खाली ठेवला, शिडी उतरून आली आणि शेवटच्या पायरीवर बसली ती उठेचना.

चौकशी झाली. वारा वाढला की वाजणारा भोंगाच त्या दिवशी बंद पडला होता, हे निघालं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून गवंडी स्वतः साक्षीला आला आणि म्हणाला, "ताईंनी सावरला नसता तर मी आज इथं बोलायला नसतो." तिच्याकडे बोट दाखवायला कुणालाच जागा नव्हती. पण ती पुन्हा केबिनमध्ये जाऊन बसली, दोन्ही हात क्रेन चालवायच्या दांड्यांवर ठेवले, आणि हात थरथरायला लागले. पाच मिनिटं वाट पाहिली, दहा पाहिली. शेवटी तिने वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि म्हटलं, "मी खाली येते. दुसरं कुणीतरी पाठवा."

त्या दिवसापासून ती हत्यारांच्या खोलीत बसू लागली. पाने, पट्टे, दोरखंड देणं आणि संध्याकाळी परत घेणं. काम वाईट नव्हतं. पण खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीतून क्रेन दिसायची.

सुरक्षा अधिकारी तिशीतला, सरळ मनाचा माणूस होता. त्याच्या कपाटात नऊ डबे होते, दागिन्यांच्या डब्यांसारखे, आत मखमल. प्रत्येकात कपाळाला लावायची एक पट्टी. एकेका पट्टीची किंमत क्रेनचालकाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी, असं सगळीकडे बोललं जायचं, आणि ते खरं होतं.

"ही मेंदूच्या लाटा वाचते," त्याने घारीला समजावलं. "डोळे मिटून वीस मिनिटं बसायचं. लक्ष श्वासावर. मन शांत असलं की कानात झऱ्याचा आवाज येतो. भरकटलं की वारा सुटतो, म्हणजे आपल्याला कळतं. शेवटी शंभरपैकी गुण. अपघातानंतर परत वर जायचं असेल, तर लागोपाठ तीन दिवस सत्तर. कंपनीचा नवा नियम आहे."

"वारा सुटतो?" तिने विचारलं.

"फक्त आवाज हो," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला स्वतःला फार उपयोग झाला. माझी झोप उडाली होती दोन वर्षं. हिच्यामुळे मी बसायला शिकलो."

त्याच्या बोलण्यात विकणाऱ्याची लबाडी नव्हती, म्हणून तिने पट्टी कपाळाला लावली.

पहिल्या दिवशी चौतीस आले. दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांतली अठरा मिनिटं कानात वारा घोंघावत होता. वाऱ्याला घाबरून मन पळायचं, मन पळालं की वारा वाढायचा. अठ्ठावीस. तिच्या जागी वर जाणारा चालक, ज्याला सगळे बर्फ म्हणायचे, तो गंमत म्हणून पट्टी लावून बसला आणि चौऱ्याण्णव मिळवून उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घारीनेही वाजवल्या, आणि जाऊन पाने मोजत बसली.

तीन आठवडे गेले. आकडा चाळिशीच्या वर काही सरकेना. शेवटी तिने अधिकाऱ्याकडून पट्टी घरी न्यायची परवानगी घेतली.

घरी ती आणि सासूबाई दोघीच. नवरा जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. धाकटी नणंद जवळच राहायची आणि रविवारी दुपारी चहाला यायची. ती एका इस्पितळात रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढायचं काम करायची. डब्यातली मखमल पाहूनच तिचे डोळे चमकले.

"वहिनी, ही लावून तुला नापास करतात? आण बघू इकडे."

"आधी मी," सासूबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली होती. नवं यंत्र समोर आलं आणि ते दुसऱ्याने आधी लावलं, हे त्यांना चालणारं नव्हतं. शिवाय त्या रोज पहाटे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चाळीस मिनिटं डोळे मिटून बसायच्या. एक्स्चेंजच्या नोकरीपासूनची सवय. त्या बसल्या की घरात भांडंही वाजवायचं नाही, हा घारीने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकलेला नियम.

पट्टी लावून त्या ताठ बसल्या. वीस मिनिटं पापणी हलली नाही. गुण आले एकतीस.

"पास की नापास?" त्यांनी विचारलं.

"आईला एकतीस?" नणंद खुर्चीतून उठलीच. "आमच्या आईला? मेंदू सोडून दुसरंच काहीतरी मोजतंय हे."

ती पट्टीला जोडलेल्या मोबाइलमध्ये इकडे तिकडे शोधत राहिली आणि शेवटी तिला हवं ते सापडलं. पट्टी जे पकडते ते गुण-बिण न लावता, जसंच्या तसं दाखवणारी सरकती रेघ. तिने पट्टी घारीच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, "तू साइटवर बसतेस तशी बस."

घार बसली. रेघ काळीकुट्ट, दाट, कुंचल्याने ओढावी तशी.

"आता तोंड किंचित उघड. जबडा सोड. अगदी सैल. झोपेत सोडतो तसा."

रेघ एकदम बारीक झाली. पातळ, हलक्या लाटांची.

"आता दात आवळ."

पुन्हा कुंचला.

"बघ," नणंद म्हणाली, "ही मेंदूची लाट नाही वहिनी, हा तुझा जबडा आहे. कपाळाच्या, गालाच्या स्नायूंची वीज मेंदूपेक्षा कितीतरी जोरात असते. आम्ही डोकंभर वीसेक तारा लावतो आणि तरी रुग्णाला दहा वेळा सांगतो, दात आवळू नका, डोळे फिरवू नका. इथे कपाळावर चार टिकल्या, आणि शेजारी सांगणारं कुणी नाही."

घारीने गालावर हात ठेवला. गाल दगडासारखा होता. तिला आठवेना, शेवटचा सैल कधी होता. त्या दुपारपासून ती दात आवळून जगत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"मग आई का नापास? आई कुठे दात आवळतात?"

दोघींनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या जरा अवघडल्या.

"वरची कवळी सैल झालीय," त्या म्हणाल्या. "जिभेने दाबून धरावी लागते. नाहीतर काय पडू देऊ?"

नणंदेला हसू आवरेना. कवळी वाटीत गेली, सासूबाई पुन्हा वीस मिनिटं बसल्या, आणि अठ्ठावन्न आले.

"अगं बाई," बिनदातांच्या तोंडाने सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं ध्यान मनात असतं. ते वाटीत निघालं!"

घार त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने एकच काम केलं. बुटाची नाडी बांधताना, नळ बंद करताना, हत्यारांच्या खोलीत कुलूप लावताना ती जबड्याला पकडायची आणि सोडायची. दिवसातून शंभरदा. डोकेदुखी गेली. मानेतली उसण गेली. पट्टीवरचा आकडा सत्तावन्न झाला, एकसष्ट झाला, त्रेसष्टला जाऊन अडकला. पट्टीने तिला एक खरी गोष्ट दाखवली होती, यात वाद नव्हता. पण त्रेसष्टच्या पुढे गाडी जाईना. श्वासाकडे लक्ष दिलं, की सातव्या-आठव्या मिनिटाला सळयांचा भारा डोळ्यांसमोर सुटायचा, आणि कानात वारा.

"वारा सुटला की तू काय करतेस?" एकदा सासूबाईंनी विचारलं.

"काय करणार? तो भारा डोळ्यांसमोरून घालवायला बघते. लवकर घालवला नाही तर गुण जातात."

"आणि जातो?"

"नाही. उलट मोठा होतो."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "माझ्या बोर्डावर शंभर दिवे होते. एकेक दिवा म्हणजे एकेक माणूस बोलायला टपलेला. संप-बिंप काही झालं, की सगळे दिवे एकदम लागायचे. नव्या मुली घाबरून डोळेच मिटायच्या. त्याने दिवा विझतो का? लागला तो लागला. त्याच्याकडे बघायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, मग पुढचा. तुला शांत बस म्हणून कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. पट्टीनेही."

"मी नाही सांगत. नुसती बस. दहा दिवस ते यंत्र डब्यात ठेव आणि माझ्याबरोबर बस. कानात काही नको, समोर आकडा नको. भारा आला तर येऊ दे."

पहाटे स्वयंपाकघरात दोन खुर्च्या लागल्या. पहिले तीन दिवस भारा आला की घार डोळे उघडायची. सासूबाई शेजारी तशाच बसलेल्या असायच्या. त्यांचा संथ श्वास ऐकू यायचा. घार परत डोळे मिटायची.

चौथ्या दिवशी भारा सुटला आणि तिने डोळे उघडले नाहीत. तो हटवलाही नाही. छाती धडधडली, तळवे ओले झाले, गालांवरून पाणी वाहू लागलं. ती बसून राहिली. भारा मचाणाकडे गेला, थडकला, गवंड्याने उडी मारली. इथवरचं तिने हजारदा पाहिलं होतं. दर वेळी ती इथेच तोंड फिरवायची. या वेळी फिरवलं नाही, म्हणून पुढचं दिसलं.

पुढे तिचे हात होते. डावी दांडी पुढे, उजवी हलकेच बाजूला. भारा परत मागे झुलत होता आणि क्रेनचा आडवा हात त्याच्या मागोमाग जात होता, त्याला ओढत नव्हता, त्याच्या डोक्यावर जाऊन थांबत होता. एक झोका लहान झाला. दुसरा आणखी लहान. तिसऱ्याला भारा सरळ लटकला. थडक एकच बसली होती, दुसरी बसली नव्हती. कारण त्या क्षणी हे हात थरथरले नव्हते.

गवंड्याने हेच चौकशीत सांगितलं होतं. तिने ते कानांनी ऐकलं होतं; पण त्या पहाटेपर्यंत तिला ते पटलं नव्हतं.

"आई," ती डोळे उघडून म्हणाली, "मी झोका पकडला होता."

"हो का?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मग आता चहा ठेव."

दहा दिवस झाल्यावर तिने उत्सुकता म्हणून पट्टी लावून पाहिली. भारा आला, गेला, रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज आले, गेले. वारा घोंघावला, त्यालाही तिने येऊ दिलं, जाऊ दिलं. इतकी जागी, इतकी स्वच्छ ती कितीतरी दिवसांत बसली नव्हती. पट्टीने दिले चव्वेचाळीस. तिने पट्टी पुसून डब्यात ठेवली आणि सकाळी सरळ अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"तीन दिवस सत्तर आले?" त्याने आशेने विचारलं.

"नाही आले, साहेब. येणारही नाहीत. मला वर जायचंय."

"नियम..."

"साहेब, ह्या आकड्यावर नका तपासू मला," तिने पट्टीकडे बोट दाखवलं, मग खिडकीबाहेर क्रेनच्या लटकत्या हुकाकडे, "त्या आकड्यावर तपासा."

त्याला हसू आलं, पण त्याने मान हलवली. "यंत्र खोटं बोलत नाही."

"खोटं नाही बोलत. भलतंच बोलतं. माझा जबडा आवळला होता, ते त्याने बरोबर पकडलं. त्यासाठी मी त्याला हात जोडते. पण दोन टन हवेत असताना मी काय करीन, हे त्याला कसं कळणार? तुम्ही पाण्याच्या पिंपाची परीक्षा लावा. पट्टी मी कपाळाला लावूनच वर जाते. तुम्ही खाली मोबाइलवर आकडा बघा, आणि पिंपही बघा. मग ठरवा."

क्रेनचालकांची ही जुनी परीक्षा होती. काठोकाठ भरलेलं पिंप उचलायचं, रोवलेल्या सहा खांबांमधून नागमोडी फिरवायचं, आणि खडूच्या वर्तुळात टेकवायचं. पाणी किती सांडलं ते मोजपट्टीने मोजायचं. चार बोटांपर्यंत सांडलं तर पास.

अधिकाऱ्याने पट्टीचा डबा उघडला, परत मिटला. मग दाराशी उभा असलेला बर्फ घसा खाकरत आत आला. तो सह्या घ्यायला आला होता आणि सगळं ऐकत होता.

"साहेब, एक सांगू? माझे चौऱ्याण्णव आले ना, तेव्हा मी अर्धा झोपेत होतो. रात्रपाळी करून आलो होतो. वर केबिनमध्ये तसा बसलो, तर तुम्ही मला कामावरून काढाल." तो घारीकडे वळला. "यांची परीक्षा घ्या. माझीही घ्या. दोघांच्याही कपाळाला पट्टी लावा."

"शनिवारी सकाळी," अधिकारी म्हणाला.

शनिवारी सुट्टी असूनही अर्धी साइट हजर होती. गवंडी प्लास्टर काढलेला हात घेऊन पहिल्या रांगेत उभा होता. आधी बर्फ वर गेला. खाली अधिकाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर आकडा दिसत होता. शिडी चढून बसल्यावर ऐंशी. पिंप जमिनीवरून उचललं तेव्हा बावन्न. पहिल्या खांबाशी सदतीस. चौथ्या खांबाशी एकोणतीस. पिंप वर्तुळात टेकलं. मुकादमाने पाण्यात मोजपट्टी बुडवून पाहिली. तीन बोटं. चांगलं काम होतं, सगळ्यांनी दाद दिली.

अधिकारी मात्र मोबाइलकडे बघत राहिला. ज्या माणसावर गेले तीन महिने सगळी साइट विसंबून होती, त्याला ऐन कामात एकोणतीस मिळाले होते.

मग घार चढली. तीन महिन्यांनी ती शिडी चढत होती, आणि मधल्या थांब्यावर ती थांबली नाही. केबिनमध्ये बसून तिने आरसा, वारा मोजायचं यंत्र, भोंगा तपासला, दांड्यांवर हात ठेवले. हात थरथरले. तिने त्यांना थरथरू दिलं. जबडा सोडला. थोड्या वेळाने थरथर आपोआप ओसरली, जशी पहाटे खुर्चीवर ओसरायची.

"उचलते," ती वॉकीटॉकीवर म्हणाली.

पिंप वर आलं. पाण्यावर सकाळचं ऊन चकाकलं आणि ते चकाकणं हललं नाही. पहिला खांब. दुसरा. मोबाइलवर एक्केचाळीस, अडतीस, तेहतीस. तिसऱ्या खांबाशी हलका वारा आला आणि पिंप झुकलं. आडवा हात लगेच त्याच्या मागोमाग गेला, वर जाऊन थांबला, पिंप सरळ.  चौथा, पाचवा, सहावा. पिंप वर्तुळावर उतरलं, आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी कान दिले.

आवाज आला नाही.

मुकादमाने मोजपट्टी बुडवली. पुन्हा बुडवली. मग बोट वर करून दाखवलं. अर्धं बोट.

गवंड्याने आपला बरा झालेला हात हवेत उंचावून जी आरोळी ठोकली, ती पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल. अधिकाऱ्याने मोबाइल खिशात टाकला. तो स्वतः शिडीच्या पायथ्याशी गेला आणि घार उतरल्यावर म्हणाला, "सोमवारपासून वर. आणि नियम मी बदलून घेतो. परतीची परीक्षा पिंपाची. पट्ट्या कपाटात राहतील, ज्याला लागेल तो नेईल. पण गुण कुणाचे विचारायचे नाहीत."

"तुम्हाला पट्टीने झोप दिली, साहेब," घार म्हणाली. "ती वापरणं सोडू नका."

"सोडत नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळा हसला. "पण दात आवळतो का, ते आज बघतो."

दोन आठवड्यांनी ग्रंथालयाचा घुमट आला. वाचनकक्षाच्या वर बसवायचा सहा टनांचा पोलादी सांगाडा, उघड्या छत्रीसारखा, आठ पायांचा. आठही पायांची भोकं खालच्या कड्यावरच्या आठ बोल्टांवर एकाच वेळी बसायला हवी होती. फट बोटभराचीही नव्हती. बर्फाचीही पाळी होती त्या दिवशी, तो सकाळीच मुकादमाला सांगून आला, "हे काम त्यांचं. मी खाली दोर धरतो."

घुमट जमिनीवरून सुटला तेव्हा सगळं काम थांबलं होतं. समोरच्या कार्यालयाच्या खिडक्यांतही माणसं दाटली होती. घारीने तो सरळ वर घेतला, पाचव्या मजल्याच्या वर, आणि आडवा हात हळूहळू फिरवला. बरोबर मध्यावर असताना भोंगा एकदा वाजला. वारा मर्यादेच्या खालीच होता, पण वाढत होता. घुमट पसरट, वारा धरणारा. तो सावकाश गोल फिरायला लागला.

"ताई, खाली घ्यायचा?" मुकादमाचा आवाज ताणलेला होता.

तिला भारा दिसला. मचाण दिसलं. तिने दोन्ही पाहिलं. आणि पलीकडचा घुमटही पाहिला, जो आत्ता समोर लटकत होता आणि तिची वाट बघत होता.

"थांबू या," ती म्हणाली. "दोर सैल. त्याला फिरू द्या, तो स्वतःच परत येईल."

अर्धं मिनिट गेलं असेल. खाली उभ्या असलेल्यांना ते तासभराचं वाटलं. घुमट फिरला, मंदावला, थबकला, आणि परत यायला लागला. तो ज्या क्षणी सरळ रेषेत आला त्या क्षणी तिने दांडी पुढे केली. घुमट उतरत गेला. हातभर. वीतभर. मुकादम कड्यावर वाकून एकेक पाय मोजत होता. "एक बसला. दोन. चार. सहा. सात, सात..."

"आठ!"

आठही बोल्टांनी आपापली भोकं शोधली होती. पोलादाला पोलाद टेकलं आणि टक्क असा आवाजसुद्धा झाला नाही.  मग बर्फाने दोर सोडून हेल्मेट हवेत उडवलं, आणि त्याच्यामागे पन्नास हेल्मेटं उडाली. नियमाप्रमाणे हे चूक होतं. सुरक्षा अधिकाऱ्याचं हेल्मेट सगळ्यात उंच गेलं.

वर काचेच्या केबिनमध्ये घार हसायला लागली. सुरुवातीला हळू, मग खदखदून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वॉकीटॉकीच्या बटणावर तिचं बोट तसंच दाबलेलं राहिलं होतं, हे तिच्या गावीही नव्हतं. खाली प्रत्येक कंबरेला, प्रत्येक मजल्यावर, दोर धरणाऱ्यांच्या, वेल्डरांच्या, फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या यंत्रातून तिचं हसू वाजत होतं, आणि ऐकणारा प्रत्येक जण, का ते न कळता, मान वर करून तिच्याबरोबर हसत होता.